हिरेमठ सर, हवा दुसरीकडं का भरलीत?

सर, मी रविवारी तुमच्याकडे येणार होतो. भांडायला. कसबा बावड्याला तुमच्या घरी यायचं, चहा घ्यायचा नाही, उभ्या उभ्या एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर घेऊन परत फिरायचं, असं पक्कं केलं होतं. दहा वर्षं हा प्रश्न पोटात आहे. आणि तुम्ही गुरुवारीच गेलात.

मी व्यवहारातला माणूस. समोरचा सौदा अर्धा टाकून उठला की माझं डोकं फिरतं. गिऱ्हाईक पायरी उतरून गेलं तरी मी हाक मारून परत बोलावतो. तुम्हाला कुठून हाक मारू?

तुमच्या गावी, नेसरीला, मी जीप घेऊन आलो. माझी वैशाली पुण्याहून आली आणि कोल्हापुरातून माझ्याबरोबर बसली. तुमच्यात गेलेल्या माणसाला बसवून नेतात हे ऐकून होतो, पाहिलं नव्हतं. कपाळाला भस्म, गळ्यात हार, पाठ ताठ. वह्या तपासायला बसावं तसे तुम्ही बसला होतात. वाटलं, आता मान वर करून तुमचं ते कन्नड 'एन्री' काढाल. एन्री मालक, म्हणजे काय हो मालक, आज काय काढलंय? लोक रडत होते आणि माझ्या जिभेवर तो दहा वर्षांपूर्वीचा प्रश्न. लाज वाटली. तरी तो गिळला गेला नाही.

शाळेने स्मरणिकेसाठी दोन पानं मागितली आहेत. तुमची नोकरी, पदव्या, सत्कार हे सगळं दुसरे लिहितील. मला त्यातलं काही माहीत नाही. मला आपलं भांडण तेवढं माहीत आहे, तेच लिहितो. छापायचं की नाही ते त्यांनी बघावं.

सुरुवात माझ्या दुकानात झाली. पंक्चरची पेटी घेऊन मी शिवाजी पेठेत रस्त्याकडेला बसलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो. नव्वदीच्या अखेरीला त्याच रस्त्यावर माझं टायरचं दुकान होतं, आणि ते मला कुणी दिलं नव्हतं. फुटबॉलच्या दिवसांत संध्याकाळी दुकानासमोर खेळाडूंची रांग लागायची. पिन थुंकीनं ओली करायची, बॉलमध्ये खुपसायची, हवा मारायची आणि अंगठ्यानं दाबून 'बास' म्हणायचं. एकाला बॉल दगडासारखा लागायचा, दुसऱ्याला जरा मऊ. दोघंही छातीवर हात ठेवून सांगणार, माझाच लांब जातो. एवढ्या गोष्टीवरून बोलाचाल बंद झालेली घरं आमच्या पेठेत आहेत.

वैशाली तेव्हा नववीत. दुकानात कोपऱ्यात बसून अभ्यास करायची आणि हे सगळं ऐकायची. तिनं तुमच्या तासाला उभं राहून विचारलं, "सर, कुणाचं खरं?" दुसऱ्या मास्तरानं खाली बसवलं असतं. तुम्ही संध्याकाळी सायकल हाकत दुकानात आलात.

"मालक, तुमच्या मुलीनं मोठा प्रश्न आणलाय. उत्तर मला माहीत नाही."

"त्यात काय हाय, सर! घट्ट बॉल लांब जातोय. वीस वर्षं हवा मारतोय मी."

"मग सिद्ध करूया की," तुम्ही म्हणालात. तुमच्या सगळ्या बोलण्यात तो 'की' तेवढा कोल्हापूरचा होता.

पुढं विज्ञान प्रदर्शन होतं. वैशालीचा प्रयोग त्यात मांडायचा ठरला. चार पौंड, आठ पौंड आणि बारा पौंड हवेचे तीन बॉल, सारख्या किक, आणि कोणता किती लांब जातो ते मोजायचं. तुम्ही माझ्या बिलबुकाच्या मागच्या पानावर एक चित्र काढलंत. दोन खांब, आडवी दांडी, तिला लोंबता लाकडी ठोकळा. तो ठरावीक उंचीपर्यंत ओढायचा आणि सोडायचा. तो बॉलला किक मारणार.

"ह्या पायाला राग येत नाही, दम लागत नाही," तुम्ही म्हणालात.

मी हसत सुटलो. "सर, हे कोल्हापूर हाय. लाकडाचा पाय बघायला कोण येतंय हितं? सुन्याला आणतो की." सुन्या म्हणजे पेठेच्या संघातला नावाजलेला गडी. त्यानं पाय मागं घेतला की गोलकीपर डोळे मिटायचा.

तुमची इच्छा नव्हती. पण वैशालीच्या तोंडाकडे पाहून तयार झालात. मग आकड्यावर आलात.

"प्रत्येक हवेला तीस किक."

"तीस? माणूस हाय त्यो, इंजिन न्हाय. पाच."

"पाचात काही कळत नाही. एखादी किक चुकते."

"चुकलेली सोडायची."

"चुकली हे कोण ठरवणार?"

"मी की!"

तुम्ही चष्मा काढून पुसलात. "पंचवीस."

"आठ."

"वीस."

"धा. ह्याच्यावर एक न्हाय."

"पंधरा. आणि एकही सोडायची नाही."

मी टाळी दिली. तीसवरून निम्म्यावर आणलं म्हणून त्या दिवशी मी घरी जाऊन वैशालीच्या आईला दोनदा सांगितलं. पुढे कित्येक दिवसांनी वैशालीच्या तोंडून कळलं, की तुम्हाला पहिल्यापासून पंधराच पाहिजे होत्या. तीस माझ्यासाठी लावला होता. सर, आयुष्यात मला व्यवहारात गंडवणारी माणसं दोन-तीनच. त्यात एक विज्ञानाचा मास्तर असावा, हे मला अजून सहन होत नाही.

तुमच्या अटी साध्या होत्या. कोणत्या बॉलची पाळी ते चिठ्ठी काढून ठरवायचं. कोणत्या बॉलमध्ये किती हवा ते सुन्याला कळू द्यायचं नाही. पहिला टप्पा पडेल तिथंपर्यंत टेप धरायची. मैदानावर बघे नकोत. आणि हवा गेजवर मोजून भरायची. ते शेवटचं काम माझं होतं.

रविवारी सकाळी सातला मैदानावर आलो. मी फक्त दोघांना सांगितलं होतं. आमच्या पेठेत दोघांना सांगितलं की दोनशे येतात. कुणीतरी हलगी आणली होती. पलीकडच्या तालमीची पोरंसुद्धा आली होती, अर्थात आमची जिरवायला. तुम्ही हातात चिठ्ठ्यांचा डबा घेऊन त्या गर्दीकडे पाहत राहिलात. तेव्हाच तुम्ही म्हणायला पाहिजे होतं, की आज नको. म्हणाला नाहीत. हा माझा तुमच्यावरचा पहिला आरोप.

सुन्यानं खेळाडूच्या सवयीनं किक मारण्याआधी बॉलवर पाय ठेवून दाबून बघितला.

"बॉलला पाय लावायचा नाही," तुम्ही ओरडलात.

"मग किक कशानं मारू सर, डोक्यानं?"

मैदान हसलं. पुढं वैशालीनं बॉल चुन्याच्या ठिपक्यावर ठेवायचा आणि सुन्यानं लांबूनच धावत यायचं असं ठरलं. पाच-सहा किक बऱ्या झाल्या. मग एक घसरली आणि पलीकडून आवाज आला, "ए सुन्या, न्याहारी केलीयास का आज उपास हाय?" हलगी घुमली. सुन्याचे कान लाल झाले. त्यानंतर त्यानं ज्या किका मारल्या, त्या हवेच्या नव्हत्या, त्या अपमानाच्या होत्या. मऊ बॉलसुद्धा मैदानाच्या कडेपर्यंत गेला. वैशाली टेप घेऊन पळत होती, आकडे लिहीत होती, आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. मला काही कळत नव्हतं. मी सुन्याला ओरडून शाबासकी देत होतो.

पंचेचाळीस किक झाल्यावर तुम्ही तिन्ही बॉल हातात घेऊन दाबून पाहिलेत. "मालक, गेज कुठं आहे?"

"दुकानात."

"मग चार, आठ, बारा हे कशावरून?"

मी अंगठा वर केला. "ह्यो बघा गेज. वीस वर्षांत चुकला न्हाय."

खरं कारण तुम्हाला मी कधीच सांगितलं नाही. ते आज लिहितो. माझा गेज ट्रकच्या चाकांचा होता, दहाच्या खाली त्याचा काटा हलायचाच नाही. बारका गेज माझ्याकडे नव्हता. तो दुसऱ्या दुकानदाराकडे मागायला जाणं मला कमीपणाचं वाटलं, आणि एवढं दुकान उभं करून साधा गेज नाही, हे मुलीच्या सरांना सांगणं त्याहून जास्त.

तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही वैशालीला एवढंच म्हणालात, "लिही." तिनं माझ्याकडे पाहिलं. मग लिहिलं.

प्रदर्शन चार दिवसांवर आलं होतं. सुन्याचा घोटा सुजला होता. मी तुमच्याशी घासाघीस केली. "सर, घट्ट बॉलच्या सात किका लांब गेल्यात. त्या लिहूया."

"उरलेल्या आठ?"

"त्या कुणी बघितल्यात?"

"दोनशे लोकांनी," तुम्ही म्हणालात, आणि त्याही वेळी मला हसू येऊ दिलं नाहीत.

प्रदर्शनात वैशालीच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत होतं, 'आमच्या प्रयोगातून उत्तर मिळाले नाही.' खाली कारणं. किक मारणाऱ्याला बॉल ओळखता येत होता. प्रेक्षकांच्या ओरडण्यानं किकचा जोर बदलला. आणि तिसरं, 'हवा गेजने न मोजता अंगठ्याने मोजली.' माझं नाव नव्हतं. पण पेठेतल्यांना नावाची काय गरज? चार जण माझ्यासमोर उभे राहून मोठ्यानं वाचून म्हणाले, "मालक, त्यो अंगठा दाखवा की जरा!" परीक्षक अर्धं मिनिट थांबले आणि पुढं सरकले. बक्षीस गेलं लुकलुकत्या दिव्यांच्या एका धरणाला. त्या धरणात पाणीसुद्धा नव्हतं.

पायऱ्यांवर सगळ्यांसमोर मी तुम्हाला म्हणालो, "मास्तर, तुम्हास्नी हरायचा पगार मिळतोय. आमास्नी हरायला परवडत न्हाय." 'सर' सोडून 'मास्तर' म्हणालो, ते मुद्दाम.

तुम्ही म्हणालात, "वैशालीला आपण हरलो असं वाटत नाही. विचारून बघा."

मी विचारलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर माझ्या मुलीनं रिकाम्या हातानं घरी यायचं आणि मी तिलाच विचारायचं, बाई, तू हरलीस का? एवढं मोठं मन माझ्याकडे नव्हतं. आजही नाही.

तरी हे सगळं मी विसरलो असतो. बाजारात रोज कुणीतरी पाणउतारा करतो, दुसऱ्या दिवशी शटर उघडावंच लागतं. विसरता आलं नाही ते पुढचं.

उन्हाळ्याच्या तोंडाला गंगावेशीतला महादू मला मंडईत भेटला. त्याचंही हवा-पंक्चरचं दुकान, आणि माझ्यावर त्याची नजर जुनी. चारचौघांत म्हणाला, "पावणं, तुमची वैशाली आलती आमच्याकडं. तीन बॉल घिऊन, संगं बारका गेज. म्हटलं, काय गं, पप्पांचं दुकान बंद हाय व्हय?"

हलवायाच्या पोरीनं शेजारच्या दुकानातून पेढे न्यावेत, तसं झालं ते. हवा हा माझा धंदा. त्या हवेवर मी घर बांधलं, तिला शिकवलं. आणि ती तीन बॉलची हवा गंगावेशीतून भरून आणते! चौकशी केली तेव्हा कळलं, की तुमच्या बावड्याच्या घरामागं तुम्ही तो लाकडी पाय उभा केला होता. रविवारी वैशाली सायकलवरून तिकडं जायची. आईला माहीत होतं. सुन्यालाही माहीत होतं. मलाच नव्हतं.

मी तिला काही बोललो नाही. तिच्याशी बोललो असतो तर काय उत्तर येईल याची भीती वाटली. मी ठरवून टाकलं, की हे तुमचं काम. बापाच्या दुकानात जाऊ नकोस, तो अंगठ्यानं भरतो, असं तुम्हीच तिला सांगितलं असणार. त्या दिवसापासून मी तुमच्याशी बोललो नाही. वैशालीनं पुढं भौतिकशास्त्र घेतलं, तुम्ही पुस्तकं पाठवलीत, मी ती दारात ठेवून घेतली आणि निरोप दिला नाही. मागच्या वर्षी तिचं लग्न झालं. तुम्ही आलात, अक्षता टाकल्यात, पंगतीला बसलात. मी बुंदी वाढत तुमच्या पानापर्यंत आलो आणि ताट पुतण्याच्या हातात देऊन बाजूला झालो. तुम्ही पानाकडे बघत राहिलात. ते मला गुरुवारपासून सारखं दिसतंय.

तुमचं माझ्याकडं काहीच येणं नाही असं मी म्हणत नाही. वैशाली आज मोठमोठ्या माणसांसमोर सरळ म्हणते, "मला माहीत नाही, बघून सांगते." आमच्या धंद्यात असं म्हणणारा उपाशी मरेल. तिला त्यावरच मान मिळतो. हे तिला माझ्याकडून मिळालेलं नाही. आणि तुमच्या माघारी सांगतो, माझ्या दुकानात नऊ वर्षं बारका गेज आहे. कुणाचाही बॉल असो, आकडा बघितल्याशिवाय पिन काढत नाही. एकदा तुम्ही रस्त्यावरून जाताना थांबून बघितलंत. मी गेज खाली केला नाही, पण वर बघितलंही नाही.

नेसरीहून परत येताना जीपमध्ये आम्ही दोघंच. गडहिंग्लज मागं पडलं तरी वैशाली खिडकीबाहेर बघत होती. प्रश्न विचारायचा धीर होत नव्हता, म्हणून दुसराच विचारला.

"त्या लाकडी पायाचं उत्तर काय आलं गं?"

ती चमकली. दहा वर्षांत मी पहिल्यांदा विचारत होतो. "मऊ बॉल आणि मधला, ह्यांच्यात खूप फरक, पप्पा. मधल्यात आणि घट्टमध्ये जवळजवळ नाहीच."

"म्हणजे मी निम्मा बरोबर."

"निम्मा," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली. तिथं मला वाट मिळाली.

"गंगावेशीत तुला सरांनी पाठवलतं न्हवं?"

ती म्हणाली, "नाही पप्पा. सर म्हणाले होते, पप्पांकडूनच भरून आण, नाहीतर त्यांना वाईट वाटेल. मीच नाही म्हटलं. म्हटलं, पप्पा अंगठ्यानं भरतील आणि गेजनं भरली म्हणून सांगतील."

मी गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती.

"मग सर म्हणाले, तू थांब, मी स्वतः जाऊन त्यांना विचारतो. ते बॉल आणि नवा गेज घेऊन दुकानात आले होते की. तुम्हाला आठवत नाही? परत येऊन एवढंच म्हणाले, पप्पा कामात होते. मग मी त्यांना न सांगता महादूमामांकडं गेले. नंतर सांगितलं तेव्हा सर पहिल्यांदा माझ्यावर चिडले."

आठवतं, सर. आता सगळं आठवतं. परीक्षेचे दिवस होते. तुम्ही काखेत बॉल धरून दुकानाच्या पायरीशी उभे होतात, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. मला वाटलं, माफी मागायला आलाय. म्हटलं, मागू दे, पण आधी जरा ताटकळू दे. तुम्ही तोंड उघडलंत आणि मी कॉम्प्रेसर चालू केला. त्याच्या धडधडीत तुमचे ओठ हलताना दिसत होते. मी पाठ फिरवून एका ट्रकचं चाक खोलायला बसलो. वळून पाहिलं तेव्हा पायरी मोकळी होती.

म्हणजे माझा राग कशाचा ते ओळखूनही तुम्ही दहा वर्षं तो अंगावर घेऊन बसलात. एका वाक्यात सुटला असता तो. पाठवलं मी नाही, तिनं स्वतः ठरवलं, एवढं म्हणायचं होतं. म्हणाला नाहीत, कारण मग मी तिच्यावर चिडलो असतो. हे मला कळतं. कळतं म्हणूनच जास्त संताप येतो. माझ्या घरातली गोष्ट, माझ्या पोरीची आणि माझी. ती सांभाळायचा मक्ता तुम्हाला कुणी दिला होता? आणि सांभाळलीत ती इतकी चोख, की आभार मानायला सुद्धा जागा ठेवली नाहीत.

आणि एक तुमची चूक आहेच. ती मी सोडणार नाही. विज्ञानाचे मास्तर ना तुम्ही? टाकी भरली की कॉम्प्रेसर आपोआप बंद होतो, सर. चार मिनिटं लागतात. पायरीवर स्टूल होतं. थांबायचं होतं की हो.